विसरबाईंचा नियम

तुमच्या घरावरचा तुमचा हक्क एखाद्या मशीनला विसरायला लावला, तर ते तुम्हाला कोण सांगणार?

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात ते सांगणारी एकच बाई होती. आम्ही त्यांना विसरबाई म्हणायचो. मशीनला नियम शिकवणं आमचं काम, शिकवलेलं विसरायला लावणं त्यांचं. तर्कशास्त्रात ज्याला विधेय म्हणतात, म्हणजे 'भाडेकरू असणं', 'वारस असणं', असं एखादं नियमांतून काढायचं, पण बाकीचे निष्कर्ष शाबूत ठेवायचे.

काढण्याआधी त्या नियम मोठ्याने वाचायला लावायच्या. "गावठाणात जन्मलेला तो मूळ रहिवासी. मूळ रहिवासी असेल त्याला नवं घर. आता 'मूळ रहिवासी' काढायचंय? मग आधी दोन्ही जोड गं. गावठाणात जन्मलेल्याला नवं घर. आता खुशाल काढ." कुणी घाई केली की म्हणायच्या, "नुसतं कुरतडायचं तर उंदीर ठेवू. तुला पगार कशाला?"

उदाहरण खरं होतं. ऑफिसमागच्या गावठाणाचा पुनर्विकास व्हायचा होता आणि घराला कोण पात्र, हे आमचं मशीन सांगणार होतं. तिथली फिलूमावशी आम्हाला दुपारचे डबे द्यायची.

एकदा जेवतानाच साहेब आले. "मॅडम, बिल्डरला ते 'मूळ रहिवासी' नकोय. उडवून टाका."

"काढते. जोडून काढते."

"जोडायचंच नाहीये ना. तेच तर नकोय."

विसरबाईंनी डब्याला झाकण लावलं. "मग हे माझ्या हातून होणार नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या कार्डाने दार उघडलं नाही. मी लिफ्टपर्यंत गेले. त्या शांत होत्या, त्याचीच मला भीती वाटली. "मशीन 'नाही' म्हणालं तर भांडता येतं गं," त्या म्हणाल्या. "ते आता 'नाही' म्हणणारच नाही. बघ तू."

मी पाहिलं. साहेबांनी दुसऱ्या कुणाकडून ते न जोडताच काढून घेतलं होतं. फिलूमावशीचं नाव घातलं. जन्म त्याच घरातला, तरी पडद्यावर 'अपात्र' असंही नाही, एवढंच आलं: पात्रता सिद्ध होत नाही. शेजारच्या घराचं तेच. त्याच्या पलीकडच्याचंही तेच. मशीनमध्ये काहीही बिघाड नव्हता.

"जन्माचा दाखला दिला ना मी," मावशी म्हणाली. "अजून काय सिद्ध करू?"

मी नोकरी सोडली. तोवर तिच्या दारावर लाल रंगाने पाडायच्या घराची खूण झाली होती.

तुमच्या पुनर्विकासाच्या कागदावर 'पात्रता सिद्ध होत नाही' ही ओळ दिसली, तर सही करू नका. लेखी विचारा: नियमांतून काय काढलं, आणि काढण्याआधी त्यातून काय निघत होतं? उत्तर येईपर्यंत घराची चावी कुणाच्या हातात देऊ नका.