फोनवरचं औक्षण

आईचा व्हिडिओ कॉलवरचा विश्वास उडाला तो माझ्यामुळे. घरात हे कोणाला माहीत नव्हतं. मीही कधी सांगितलं नाही. मी मुळात बोलतो कमी, आणि कमी बोलणाऱ्याचं एक बरं असतं, त्याला कोणी फारसं विचारत नाही.

मी भिलाईचा. बाबा नागपूरकडून येऊन स्टील प्लँटमध्ये लागले, पुढे भाऊही लागला, म्हणून वसाहतीतलं सेक्टर दहा काही सुटलं नाही. आई आणि माझी बायको भावाच्या क्वार्टरमध्येच राहतात. मी मस्कतजवळच्या एका कारखान्यात फोरमन आहे.

आमच्याकडे वाढदिवस म्हणजे पाट. केक नंतर आला, पावर हाउस बाजारातल्या बेकरीतून, आणि त्याला आईने कधी फार किंमत दिली नाही. पूर्वेकडे तोंड करून पाटावर बसायचं, डोक्यावर टोपी घालायची, आणि ती ताटात निरांजन, सुपारी, अंगठी घेऊन ओवाळणार. बाबा पहिली पाळी करून आले की टोपी शोधायचा कंटाळा करत आणि प्लँटचं हेल्मेट घालूनच बसत. आई चिडायची. "भट्टीवर बसून राहिले का तुमी?" ते म्हणायचे, "डोकं झाकलं ना? मंग!"

मी मस्कतला गेल्यावरही आईने पाट सोडला नाही. वाढदिवसाला पाटावर फोन उभा करायचा, मागे साखरेचा डबा टेकवायचा, बायकोने कॉल लावून बाजूला व्हायचं आणि आईने फोनला ओवाळायचं. मी खोलीत एकटा असे, तेव्हा काही वाटत नव्हतं.

मागच्या वर्षी मी नुकताच फोरमन झालो होतो. हाताखालच्या पोरांनी केक आणला, खोली भरली, आणि तेवढ्यात आईचा कॉल आला. आवाज मोठा ठेवलेला. "बस रे राजा, टोपी घाल. पूर्वेले तोंड कर." सगळे वळून बघायला लागले. राजा हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मी म्हणालो, "आई, नेटवर्क जाऊन राहिलं इथं," आणि कॉल बंद केला. कोणीतरी विचारलं, कोण होतं? मी म्हणालो, "पडोस की काकी है. सबको राजा बोलती है."

पोरं हसली. एक जण हसला नाही. तो जामुलचा वेल्डर, माझ्याच खोलीत राहणारा. त्याचे वडील सिमेंट कारखान्यात होते, आणि भिलाईच्या आसपास वाढलेल्या माणसाला 'आई' म्हणजे काय हे कळतं. केकचा तुकडा त्याने तसाच ठेवला.

तिकडे आई भर उन्हात ऑटोने पावर हाउसला गेली, फोन दुरुस्त करायला. दुकानदार म्हणाला, फोनमध्ये काही बिघाड नाही. तिचं समाधान झालं नाही. "मधातच जाते ते," ती मला म्हणाली. "नुसतं बोलत जा आता." त्यानंतर वर्षभर मी तिचा आवाज ऐकला, चेहरा पाहिला नाही. मला हवा तेव्हा पाहता आला असता. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. नाही बोललो.

यंदा वाढदिवस सुट्टीच्या शुक्रवारी आला. सकाळी वेल्डर चहा गाळता गाळता छत्तीसगढीत म्हणाला, "का भैया, पड़ोस वाली काकी के फोन नइ आही का ये साल?"

मी मान खाली घातली. त्याने पलंगाखालून एक पाट काढला. पॅकिंगच्या पेटीच्या फळीला त्याने चार पाय ठोकले होते, एक जरा आखूड. "अब काकी को फोन आप ही लगाओ," तो म्हणाला.

संध्याकाळी पोरं पुन्हा जमली. मी बायकोला सांगून ठेवलं होतं, आईला कसंही करून व्हिडिओ कॉलला बसव. आता पूर्व कुठे, यावरून वाद सुरू झाला. आमच्या खोलीत पेशावरकडचा एक ड्रायव्हर आहे. त्याने छताकडे बोट दाखवलं. तिथे नमाजासाठी दिशेचा बाण काढलेला आहे. "उस्ताद, तीर मगरिब को जाता है. आप उसको पीठ दिखाओ, बस." मगरिब म्हणजे पश्चिम. टोपी कोणाकडेच नव्हती. मी खुंटीवरचं हेल्मेट डोक्यावर घातलं.

मी पाटावर बसून कॉल लावला. आई दिसली. केस आणखी पांढरे झाले होते. हेल्मेट पाहून ती क्षणभर थांबली. मग ताट ठेवून तिने बोटावर कुंकू घेतलं आणि माझ्या कपाळाला लावायला हात पुढे केला. बोट स्क्रीनभर मोठं झालं आणि कॉल बंद पडला.

मी लगेच परत लावला.

"गेलं ना?" ती रडकुंडीला आली होती. "सुनबाईले म्हटलंच होतं म्या."

"नेटवर्क नाही गेलं, आई. कुंकू लावताना तुयं बोट लाल बटणाले लागलं."

"अवं माय! मंग मागच्या बारीले बी मीच बंद केला असन."

झालं होतं. माझी सुटका तिने स्वतःच करून टाकली होती. मी हो म्हटलं असतं तर सगळं तिथेच मिटलं असतं. वेल्डर भिंतीला टेकून माझ्याकडे बघत होता.

"नाही आई," मी म्हणालो. "मागच्या बारीले मी बंद केला. जाणूनबुजून. हे सगळे बसले होते, मले लाज वाटली. तू शेजारची काकू आहे म्हणून सांगितलं मी या सगळ्यायले."

ताटातली वात हलत होती, त्यावरून कॉल चालू आहे एवढं कळत होतं. मागून बायकोचा आवाज आला, "अहो, हे काय आता?" आईने तिला हातानेच थांबवलं.

"शेजारची कोणती?" तिने विचारलं. "समोरची?"

"कोणतीच नाही गं."

"समोरची म्हटलं असतं तं बोललीच नसती तुयाशी." तिने पदराने डोळे पुसले, की फोन, ते मला नीट दिसलं नाही. मग खोलीत इकडेतिकडे पाहावं तसं ती स्क्रीनमध्ये पाहू लागली. "किती जण हायेत रे तिथं? अन् केक खाल्ला का पोट्ट्यायनं?"

"तुयासाठी थांबले आहेत."

"मंग हेल्मेट वर कर जरा, कपाळ कुठी दिसते? तुया बापासारखाच हायेस." तिने पुन्हा कुंकवात बोट बुडवलं आणि हात हवेतच धरला. "अन् ते लाल बटण कुठी हाय, थे आधी सांग मले."