बाबांच्या टेपमधली उडी

या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर "याला काहीतरी साधं कारण असणार" असं म्हणतच वाचलेत. बहुतेकांना मनातल्या मनात कारण नेमूनही दिलंय – उंदीर, वायरिंग, ॲसिडिटी. आता स्वतःचा अनुभव लिहायला बसलेय, तर तुम्हीही खुशाल तसंच करा.

आधी माहिती. आम्ही सिंगापूरला पुंगोलमध्ये राहतो. इथे एलआरटी नावाची छोटी, पुलावरून धावणारी, बिनड्रायव्हरची गाडी आहे. मुख्य स्टेशनवरून निघते, वस्तीला चक्कर मारते आणि परत तिथेच येते. माझ्या सासूबाई, म्हणजे आई, बाबा गेल्यावर ठाण्याहून आमच्याकडे आल्या. आल्या त्या घरातच बसल्या. "मला इथलं काही कळत नाही, मी घरीच बरी," एवढंच. बोलणंही कमी झालेलं.

आता गाण्याबद्दल. बाबा, म्हणजे माझे सासरे, मर्चंट नेव्हीत इंजिनियर होते. ऐंशीच्या दशकात बोट सिंगापूरला लागली असताना त्यांनी एक इंग्लिश कॅसेट घेतली. ब्रिटिश बँड, सगळी इलेक्ट्रॉनिक वाद्यं, आणि त्यात ते एक गाणं. नाव मुद्दाम सांगत नाही, सांगितलं तर दिवसभर तुमच्या डोक्यातून जाणार नाही. पहिले चार सूर ऐकले की ओळखाल. चाळीस वर्षं होत आली, पण ते काही म्हातारं होत नाही. सुपरमार्केटमध्ये लागतं, जिममध्ये लागतं. माझी मुलगी ईरा एकदा इथल्या लोकांसारखं शेवटी "लाह" लावून म्हणाली, "मम्मा, धिस साँग इज एव्हरीव्हेअर, लाह!" तिला वाटत होतं ते नवीन आहे.

आमच्या घरची गोष्ट मात्र वेगळी. ठाण्याच्या टेपरेकॉर्डरने एकदा ती टेप चावली. बाबांनी चुरगळलेला तुकडा कापला आणि दोन टोकं सेलोटेपने जोडली. त्यात दुसरं कडवं गेलं. पहिलं धृपद संपलं की "टक्" असा आवाज – आणि लगेच पुन्हा धृपद! सगळं घर त्यावरच नाचलं. माझा नवरा मंदार अजून पार्ट्यांमध्ये चुकीच्या जागी हात वर करतो. लग्नानंतर काही वर्षांनी मी पूर्ण गाणं ऐकलं, तेव्हा मला ते दुसरं कडवं कोणीतरी उगाच घुसडल्यासारखं वाटलं.

तर, शनिवार सकाळ. मोठ्या मिनतवारीने आईंना बाहेर काढलं. डायबेटिसच्या गोळ्या त्यांनी घरीच घेतल्या होत्या, नाश्ता हॉकर सेंटरच्या खाऊगाळ्यांवर डोसा खाऊन करायचा होता. मुख्य स्टेशनवर मी ट्रॉली घेऊन एलआरटीतून उतरले. मागे दोन बाबागाड्या आडव्या आल्या, आई आतच राहिल्या आणि दार बंद. गाडीला ड्रायव्हर नाही, ओरडणार कोणावर?

मी घाबरले नाही. गाडी फिरून इथेच येणार. शिवाय आमचं ठरलेलं होतं – चुकामूक झाली तर जागचं हलायचं नाही. स्टेशनवरच्या माणसाला सांगून ठेवलं आणि थांबले. गाडी आली. आई नव्हत्या. पुढची आली. त्यातही नाही.

आईंचा फोन घरी चार्जिंगला, बिस्किटं माझ्या पर्समध्ये, आणि पोटात गोळ्या – रिकाम्या पोटात! मी गाडीत चढले. प्रत्येक स्टेशनला दार उघडलं की मान बाहेर काढून बघायचं, एवढंच चाललं होतं.

एका स्टेशनवर दार उघडलं आणि खालून ते गाणं ऐकू आलं. पहिलं धृपद संपत होतं. मग स्पष्ट – टक्. आणि पुन्हा धृपद.

मी उतरून धावले. शेजारच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, लाइन डान्सच्या, म्हणजे रांगेत उभं राहून नाचायच्या ग्रुपच्या टी-शर्टमधल्या सात-आठ चिनी आंटी बसल्या होत्या. त्यांच्या मधोमध आई, हातात माइलोचा, गोड चॉकलेटी पेयाचा, कप.

"आई! हलायचं नाही असं ठरलं होतं ना?"

"अगं, नव्हतेच हलणार. पण दार उघडलं आणि आमच्या ह्यांची टेप लागलेली. म्हटलं, हे इथे कुठे? इथवर आले आणि हातपाय थरथरायला लागले बघ."

"युअर मदर, आह?" लालभडक लिपस्टिकवाली एक आंटी म्हणाली. तिचं नाव लिली. "शेकिंग, शेकिंग! माय हजबंड ऑल्सो शुगर, आय नो. आय गिव्ह माइलो."

"मदर-इन-लॉ," मी म्हटलं.

"सेम-सेम, लाह!"

मी लिली आंटीचे हातच धरले. म्हटलं, तुम्ही ते गाणं लावलं म्हणून आम्ही दोघी इथे पोचलो.

"व्हॉट साँग?" लिली आंटीने पायाजवळचा स्पीकर उचलून दाखवला. "नो बॅटरी! माय डॉटर ब्रिंग केबल. ऑल वेटिंग, वेटिंग."

मी स्वतः बटण दाबून पाहिलं. दिवासुद्धा लागला नाही.

घरी येऊन मी शक्य ती सगळी कारणं तपासली. वरच्या एखाद्या फ्लॅटमध्ये गाणं लागलं असेल? असेल, पण ती उडी फक्त आमच्या टेपमध्ये आहे. आमच्यापैकी कोणी ती मोबाइलवर घेतली होती? नाही. ठाण्याला नणंदेला कपाट उघडायला लावलं. कॅसेट डब्यातच होती. सेलोटेप वाळून टेपची दोन टोकं सुटलेली. मंदार म्हणतो, "तुझ्या कानाला सवय आहे, उडी तूच भरलीस." असेल बुवा. पण जे गाणं कोणी लावलंच नव्हतं, त्यात उडी भरायला मला जागा कुठून मिळाली? आणि आईंना?

आईंना उत्तर नकोच आहे. "हे आले होते, बोलावलं, गेले," असं म्हणून त्या बुटांच्या नाड्या बांधतात. कारण आता दर शनिवारी त्यांचा लाइन डान्स असतो. एलआरटीने एकट्या जातात.

ते गाणं मीच लिली आंटीला यादीत घालायला लावलं. पूर्ण, दुसऱ्या कडव्यासकट. पहिल्या शनिवारी धृपद संपल्यावर आईंनी एकट्यांनीच पुन्हा हात वर केले. आंटी हसून कोसळल्या. "राँग, आंटी, राँग!" आई काही ऐकेनात. परवा मी बघायला गेले, तर धृपद संपताच सगळी रांग एकदम हात वर करून पुढे निघाली होती. दुसरं कडवं आपलं एकटंच मागे वाजत राहिलं.