कोऱ्या कापडाच्या पट्ट्या

जसोंडीहून आम्ही दोघं भाऊ एकाच सकाळी निघालो. केळीचा ट्रक होता. प्रभाकरचे कपडे नवे, म्हणून आबांनी त्याला पुढं ड्रायव्हरशेजारी बसवलं आणि मला मागं घडांवर. मायनं त्याच्या गालावरून हात फिरवला. मग मान वर करून मला म्हणाली, "तू मोठा आहेस, तुझं निभेल. याला सांभाळ." माझ्या गालापर्यंत तिचा हात पोचत नव्हता, हे खरं. पण मी खाली उतरलो असतो की.

कमल, तू तेव्हा मायच्या कडेवर होतीस, तुला हे आठवायचं नाही. आपल्या तिघा भावंडांतली तूच एक जसोंडीत राहिलीस, म्हणून तुला लिहितो. माझ्यासारखे जे गाव सोडून गेले त्यांनीही वाचलं तर वाचू दे. मी चौथी शिकलेला माणूस. नात रोशनी म्हणाली, "आजोबा, तुम्ही बोला, मी मोबाईलवर टाईप करून देते." मी म्हटलं, नको. चुका होतील त्या माझ्या हातानं होऊ दे.

जसोंडी ते बुऱ्हाणपूर अंतर ते केवढं! लोक म्हणतील, हे काय घर सोडणं झालं? त्यांनी सतराव्या वर्षी सोडून बघावं. आबांनी ठरवलं होतं की एकानं शिकायचं आणि एकानं कामाला लागायचं. प्रभाकर हुशार, तो हायस्कुलात नववीला. मी एका सेठच्या पावरलूमवर. हुशार कोण हे तपासलं कुणी? चौथीत माझा पहिला नंबर होता. हे मी आजही सांगतो. ऐकणारे उठून गेले तरी सांगतो.

दोघांना मिळून एक खोली होती. भाकरी मी थापायचो, भांडी तो घासायचा, तीही परीक्षा नसेल तेव्हा. लूमचा आवाज असा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे, आणि बोलायचं ते हिंदीत. "धागा टूटा", "चाय लाव", "जल्दी कर". सहा महिन्यांत मी बुनकर झालो आणि प्रभाकर स्टुडंट. एकाच ताटातले आम्ही, पण रस्त्यानं चालताना तो चार पावलं पुढं चालू लागला.

आमच्या कारखान्याच्या मागच्या खिडकीतून हायस्कूलचं मैदान दिसायचं. त्या हिवाळ्यात एकाहत्तरची लढाई लागली आणि त्या मैदानाला जणू जत्रेचं रूप आलं. एन.सी.सी.ची पोरं परेड करायची, मुली स्वेटर विणायच्या, कुणी सरहद्दीवरच्या जवानांना पत्रं लिहायचं. मैदानाच्या कडेला पोरांनी खंदक खणला. मी खिडकीतून बघायचो, तर खणता येत नव्हतं एकालाही. फावडं कसं धरावं ते ठाऊक नाही, आणि छाती मात्र कर्नलसारखी फुगलेली.

प्रभाकरला प्रथमोपचार पथकाचा लीडर केलं. दंडाला पांढरी फीत, तिच्यावर लाल फुली. ती फीत तो जेवतानाही काढायचा नाही. एकदा मी म्हटलं, "सरांना विचार की, मला घेतील का? सुट्टीच्या दिवशी येईन मी."

"भाऊ, ते फक्त शाळेतल्या मुलांसाठी आहे."

"जखम बांधायला शाळा लागते का?"

"नियम आहे," तो म्हणाला आणि भाकरीचा तुकडा मोडला. माझ्या भाकरीचा.

मला जळायला लावलं ते त्या फितीनं. लढाई माझीही होती. पण माझ्या वाट्याला लढाई म्हणजे फक्त खिडक्यांना काळे कागद लावणं आणि रेडिओवर बातम्या ऐकणं. त्याच्या वाट्याला टाळ्या होत्या.

मग आमच्या सेठनं पथकाला पट्ट्यांसाठी कापड द्यायचं कबूल केलं. साधं पांढरं सुती कापड, आणि ते माझ्या लूमवर लागलं. तयार झालं तेव्हा पथकाचे सर आणि प्रभाकर कापड न्यायला आले. सरांनी हात लावून बघितलं, म्हणाले, "छान विणलंय. कोण हा मुलगा?"

मी प्रभाकरकडे बघितलं. तो म्हणाला, "आमच्या गावचा आहे, सर."

गावचा! लूम चालूच होते, पण मला काही ऐकू येईना.

आता हे नीट समजून घ्या. लूमवरून उतरलेलं कापड कोरं असतं. विणताना धागा तुटू नये म्हणून सुताला खळ लावलेली असते, आणि कापसाचा स्वतःचा तेलकटपणा असतो तो वेगळाच. सोडा घालून उकळल्याशिवाय असं कापड पाणी पीत नाही. मग रक्त काय पिणार? लूमवरच्या कुठल्याही माणसाला हे ठाऊक असतं. सरांना ठाऊक नव्हतं, प्रभाकरला तर नव्हतंच. सर जाताना म्हणाले, "याला आणखी काही करावं लागतं का?"

मी म्हटलं, "नाही सर. घ्या आणि फाडा."

आठवडाभर पोरं व्हरांड्यात बसून पट्ट्या फाडत होती, गुंडाळत होती. मी खिडकीतून बघत होतो. रोज वाटायचं, आज सांगू. रोज प्रभाकर फीत मिरवत घरी यायचा आणि मी भाकरी थापायचो.

मग प्रात्यक्षिकाचा दिवस आला. डॉक्टर पाहुणे, सगळी शाळा मैदानात. सेठनं आमचे लूम तासभर थांबवले, आम्हीही कुंपणाशी उभे राहिलो. डॉक्टरांनी एक पट्टी हातात घेतली, टेबलावर पसरली, वर फुलपात्रातलं पाणी ओतलं. पाण्याचे थेंब मोत्यासारखे कडेला गेले आणि खाली पडले. पट्टी कोरडी. डॉक्टर चांगला माणूस होता, ओरडला नाही. नुसतं म्हणाला, "लीडर कोण?"

प्रभाकर पुढं आला. आधी मागच्या रांगेत कुणीतरी हसलं, मग सगळे हसले. सरांनी तिथंच त्याची फीत सोडवून दुसऱ्याच्या दंडाला बांधली.

कमल, खोटं कशाला लिहू? मला गोड वाटलं. पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः कारखान्यात आले आणि सेठला उपाय विचारू लागले. सेठनं माझ्याकडे बोट केलं. मग तीन दिवस मी हायस्कुलात गेलो. मैदानात चूल मांडली, मोठी कढई चढवली, सोडा घातला. पोरांना सांगितलं, हलवत राहा, पाणी पिवळं झालं की बदला. सर मला 'उस्ताद' म्हणाले. चाळीस पोरं माझ्या शब्दावर पळत होती, आणि प्रभाकर चुलीत लाकडं सारत होता. धुरानं त्याचे डोळे लाल झाले होते. धुरानंच, असं मी तेव्हा धरून चाललो.

तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "भाऊ, तुला आधी माहीत होतं का?"

"नाही रे," मी म्हटलं. "डॉक्टरांनी पाणी ओतलं तेव्हा डोक्यात आलं."

त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. पुढं तो शिकला, इंदूरला साहेब झाला, बंगला बांधला. मी इथंच. गावाकडची जमीन गेली, आबा गेले, माय गेली. मी बुऱ्हाणपूरचा झालो, कान अर्धे लूमनं खाल्ले. आणि त्याची गाडी दारात लागली की आजही माझ्या छातीत काहीतरी जळतं. लोकांचं वयानं शांत होतं म्हणतात. माझं नाही झालं.

यंदा टीव्हीवर पुन्हा सरहद्दीच्या बातम्या सुरू झाल्या आणि त्याच शाळेत पुन्हा सगळं सुरू झालं. सायरनची प्रॅक्टिस, जवानांना कार्डं, प्रथमोपचार. रोशनी त्या पथकात आहे. तिची नवी कोरी वर्दी बघून, आजोबा असून, मला तिचाही हेवा वाटला. शाळेनं जुना विद्यार्थी म्हणून प्रभाकरला भाषणाला बोलावलं. त्याला स्टेजवर शाल, मला चौथ्या रांगेत प्लास्टिकची खुर्ची.

आणि तो बोलला काय? पट्ट्यांची गोष्ट. पाणी कसं घरंगळलं, पोरं कशी हसली, सगळं. मग म्हणाला, "त्यानंतर आमच्या पथकाची लाज राखली ती माझ्या मोठ्या भावानं. ते बघा, तिथं बसलेत. एक गोष्ट मला आयुष्यभर टोचली. हा मुलगा कोण, असं सरांनी विचारलं तेव्हा मी यांना माझा भाऊ म्हटलं नव्हतं. आज सगळ्यांसमोर म्हणतो." पोरं उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. रोशनी तर रडायलाच लागली.

मला त्या टाळ्या हव्या होत्या ना? जन्मभर हव्या होत्या. पण त्याही त्यानंच दिल्या, आणि त्या खोट्यावर उभ्या होत्या. माफी मागून तो मोकळा झाला आणि मी तिथंच अडकलो. ते मला सोसलं नाही.

फाटकाशी त्याची गाडी उभी होती. मी त्याचा हात धरला. "परभ्या, मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. मी मुद्दाम बोललो नाही."

मग त्याचा चेहरा लाल झाला. शाल खांद्यावरून घसरली, त्याला भान नव्हतं. इंदूरची ती गोड साहेबी भाषा, घरात नातवंडांशी बोलायची हिंदी, सगळी गेली कुठं कोण जाणे. "ढोरा!" तो ओरडला. "तुले लाज नाही वाटली रे? माह्या तोंडावर सारी शाळा हसली! मी चुलीपाशी रडत होतो, तुले दिसत नव्हतं? भाऊ हाय का दुश्मन हाय तू?"

शाळेची पोरं थांबून बघत होती. ड्रायव्हर दार उघडून तसाच उभा. तो गाडीत बसला, दार आपटलं आणि न जेवता गेला.

पंधरा दिवस झाले. त्याचा फोन नाही. मीही करणार नाही, माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. पण कमल, एक सांगतो. जसोंडीत आपलं घर उरलं नाही, आणि इथली खोली मी घर म्हणून कधी धरली नाही. त्या दिवशी फाटकाशी तो आपल्या बोलीत मला शिव्या देत होता, तेव्हा कितीतरी वर्षांनी मी घरात उभा होतो. मला 'ढोरा' म्हणेल असा आता जगात तोच एक आहे.

तो या वेळी आखाजीच्या सणाला तुझ्याकडे येईल. मीही येतोय. त्याआधी त्याला हे फोनवर वाचून दाखव, आणि सांग की त्याचं बोलणं अर्धंच राहिलं होतं. उरलेलं माझ्या तोंडावर बोलायला ये म्हणावं. पुरणाचे मांडे मी स्वतः वाढीन.