पेट्रोल जळतं आणि आकडा वाढतो

माझ्या धाकट्या भावाची ती पिवळी गाडी आठवली की मी अजून कडाकडा बोटं मोडते. दोन दारांची, जमिनीला पोट घासत चालणारी, कुणीतरी वापरून सोडलेली स्पोर्ट्स कार. पुण्यात प्लॉटिंगच्या धंद्यात चार दिवस बरे आले आणि आमच्या येड्यानं ती उचलली. आमच्या बापाचा जन्म मेंढरांमागं पायी गेला, आणि ह्याला बूड टेकायला असली गाडी. हौसेला मोल नाही म्हणतात, खरं आहे. पण ह्याच्या हौसेचं मोल माझ्या लेकीनं दिलं.

लेक सरकारी नोकरीच्या परीक्षेची तयारी करत होती. तीर्थपुरीजवळच्या आमच्या गावात, पत्र्याच्या खोलीत, उन्हाळ्यात डोक्यावर ओला पंचा ठेवून तिनं अभ्यास केलेला. दोनदा थोडक्यात हुकली होती. तिच्या बापानं शेवटी सांगून टाकलं, "एवढी एक बार दे. न्हाई निघाली तर उन्हाळ्यात लग्न." आमच्या घरात त्यांचा शब्द फिरत नाही. म्हणून तिचं सगळं त्या एका पेपरावर टांगलेलं होतं. केंद्र जालन्याला, आणि फाटक एकदा बंद झालं की देव आला तरी उघडत नाहीत, हे शेंबड्या पोरालासुद्धा माहीत आहे.

आम्ही सकाळच्या पहिल्या एसटीनं जाणार होतो. आदल्या संध्याकाळी भाऊ गाडी घेऊन हजर.

"आक्का, एसटीचं नाव काढू नको. भाचीला चांगल्या कामाला मामानंच न्यायचं असतंय. लग्नात बोहल्यावर कोण आणतंय? मामाच ना?"

आता ह्याला काय बोलायचं? मामाचा मान आमच्यात मोठा. नवरा तर खूश झाला, मेव्हण्याच्या पाठीवर थाप मारली. लेक तेवढी हळूच म्हणाली, "आई, एसटी बरी होती गं." पण तिचं कोण ऐकतंय!

आमचं अंगण उताराचं. गाडी रात्रभर तिथं तोंड वर करून उभी होती. सकाळी त्यानं चालू केली तर पुढच्या पडद्यावर आकडा आला, एकशे चाळीस. मला वाटलं घड्याळ असेल.

"एवढे किलोमीटर अजून जाईल म्हणती," भाऊ म्हणाला.

"आणि टाकीत पेट्रोल किती हाय?"

"त्याची गरजच न्हाई आक्का. ती सोता हिशोब करती."

आमच्या गावात काट्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. मोटरसायकलचा काटा नवी घेतली त्या वर्षीच मरतो. मग झाकण उघडायचं, गाडी हलवायची, आत डुचमळलं की किक मारायची. रस्त्यात बंद पडलीच तर आडवी पाडून पुन्हा उभी करायची, म्हणजे तळाचं घोटभर मिळतं. भावाचं निम्मं आयुष्य गाड्या आडव्या पाडण्यात गेलेलं. मी म्हटलं, "अरे, हलवून तर बघ."

तो असा हसला की जणू मी त्याच्या देवाला शिवी दिली. "हिला हलवत न्हाईत आक्का. स्पोर्ट्स कार हाय ही."

मग औक्षण. भाचीचं राहिलं बाजूला, आधी गाडीचं! नारळ, हार, चाकाखाली लिंबं. तोवर इंजिन चालू, एसी चालू, का तर भाची थंडगार बसली पाहिजे. निघालो तर पाराजवळ गडी माणसं उभी. "आवाज काढा की राव!" एवढं म्हणायचा अवकाश, ह्यानं तिथंच उभं राहून पाय दाबायला सुरुवात केली. ढुम्म ढुम्म ढुम्म. शेळ्यांनी दावी तोडली, एक तान्हं पोर किंचाळायला लागलं, आणि गाडीमागून असा काही वास सुटला की मी पदर नाकाला लावला. माणसं मोबाईल वर धरून दात काढत होती. माझा भाऊ त्यांच्याकडं बघून मान हलवत होता. शी! मला त्या क्षणी त्याची शिसारी आली. माझी लेक पुढच्या सीटवर ओळखपत्र मुठीत धरून बसलेली, आणि हा तमाशा!

मागं ज्याला सीट म्हणतात तिथं मी कोंबलेली. ती माणसाची जागाच नव्हे, शेळीचं करडू ठेवावं एवढी. गुडघे हनुवटीला लागलेले. सरळ वाटेवर खड्डे, गाडीचं पोट घासतं, म्हणून हा वडीगोद्रीकडून वळसा घालून मोठ्या रस्त्यानं निघाला.

पारावरच्या त्या थेरांनी आकडा शंभराच्या खाली आला होता. मोठ्या रस्त्याला लागलो आणि काय सांगू, आकडा वर चढायला लागला! सत्त्याण्णव. शंभर. एकशे चार.

"आरं, गाडी चालून राह्यली आन आकडा वाढतोय कसा?" मी मागून ओरडले. "पेट्रोल जळतंय का टाकीत पडतंय?"

"चांगल्या रस्त्याला ऍव्हरेज सुधारतंय, आक्का. तुला न्हाई कळायचं," म्हणत त्यानं चालत्या गाडीत पडद्याचा फोटोही काढला.

मला खरंच कळलं नाही. अजूनही कळत नाही. चुलीत लाकूड जळत जावं आणि ढीग वाढत जावा, असं कुठं असतं का?

वडीगोद्रीला रस्त्याच्या कडेलाच पंप आला. रांग नाही, गर्दी नाही. मी म्हटलं, "इथं टाक." लेकही म्हणाली, "मामा, टाकून घ्या ना." त्यानं वेगसुद्धा कमी केला नाही.

"हे साधं पेट्रोल ही पीत न्हाई. हिला भारीतलंच लागतंय, ते जालन्यात भेटतंय. आन एकशे चार दाखवून राह्यली, कशाला घाबरता?"

पीत न्हाई म्हणे! तालेवाराची लेक लागून गेली.

वडीगोद्री मागं पडली. थोडं पुढं गेलो आणि आकडा एकदम चाळिसावर आला. मध्ये काही नाहीच. मग आकडाही गेला, नुसत्या तीन आडव्या रेघा राहिल्या. भावानं पडद्यावर बोटानं टकटक केलं. गाडीनं दोन आचके दिले आणि एका हॉटेलासमोर गप झाली.

लेकीनं माझ्याकडं वळून पाहिलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

मिनिटात माणसं गोळा झाली. कुणी म्हणे रेस दे, कुणी म्हणे टकटक कर, कुणी म्हणे बॅटरी. मग चौघांनी बाजू धरून गाडी गदागदा हलवली, मोटरसायकल हलवतात तशी, आणि कान लावून ऐकलं. आत काही वाजलं नाही. गाडी हलली, आत मी हलले, माझं डोकं टपाला आपटलं. बाकीचे फोटो काढत होते. एकजण तर बॉनेटवर टेकून उभा राहिला, आणि काचेआड माझी लेक रडत होती. तो फोटो पुढं त्यानं स्टेटसला ठेवलेला, आमच्याच पाहुण्यांनी आम्हाला दाखवला. किळस येते माणसांची.

हॉटेलशेजारच्या टपरीत पाण्याच्या बाटल्यांत पेट्रोल भरून ठेवलेलं. काखेत कळसा म्हणतात तो असा. टपरीवाला माणूस भला, न सांगता बाटली घेऊन पळत आला, झाकणाला हात घातला. आणि माझ्या भावानं त्याचा हात धरला!

"न्हाई न्हाई, हे न्हाई टाकायचं. रॉकेल असतंय ह्याच्यात. इंजिन बसंल."

"आरं, पोरगीचं नशीब बसून राह्यलं आन तू इंजिनाचं सांगतोस?"

"आक्का, जालन्याहून दोस्त निघाला बी, चांगलं पेट्रोल घेऊन. जल्दी येतोय."

बाटली समोर, टाकी समोर, आणि हा झाकणावर पंजा पसरून उभा. मी खूप काही पाहिलंय, पण सख्ख्या भाचीपेक्षा इंजिन जास्त झालेला मामा मी त्या दिवशी पाहिला. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. आईवरनं बोलले तर आई आमची एकच.

मी लेकीचा हात धरला आणि रस्त्यात उभी राहिले. एक काळीपिवळी जीप थांबली. तर हा मागं धावत आला. "आक्का, माझ्या गाडीतून उतरून काळीपिवळीत बसता? लोक काय म्हणतील?" जीपवाल्यानं अंबडला सीटा भरेपर्यंत हाका मारल्या. मी ड्रायव्हरच्या पाया पडायची बाकी होते. जालन्याला पोचलो तर फाटक बंद. आतला माणूस नुसती मान हलवत होता. लेकीनं फाटकाची सळई धरली, आणि आत पेपर सुटेपर्यंत तिनं ती सोडली नाही.

भावानं माफी मागितली का? डोंबल! दुसऱ्या दिवशी घरच्या ग्रुपवर त्यानं पडद्याचा फोटो टाकला, एकशे चार किलोमीटरचा. म्हणजे बघा, माझी चूक बिलकुल नाही. नंतर गॅरेजवाल्याकडून अक्कल घेऊन आला आणि मलाच सांगतो, "गाडी उतारावर लावल्ती ना, टाकीतलं सगळं एका बाजूला गेल्तं, म्हणून जास्त दाखवलं. आन आदल्या दिवशी पुण्याहून एकसारखा आल्तो, तिनं त्याच ऍव्हरेजचा हिशोब धरला." आणि वर म्हणाला, "अंगण तुमचंच वाकडं, आक्का." नाचता येईना, अंगण वाकडं. म्हण खरी करून दाखवणारा माणूस माझ्याच आईच्या पोटी यावा!

उन्हाळा आला. नवऱ्याचा शब्द, त्यामुळं पाव्हणे बघायला आले. भाऊही आला, गाडी धुऊन पुसून बरोबर आमच्या दारासमोर लावली. पाव्हण्यांचं पोरीकडं लक्ष नाही, आधी गाडीला फेरी. मुलाच्या बापानं टपावरून हात फिरवला आणि विचारलं, "टाकी फुल केली की कुठवर जाती हो ही?"

भावानं घसा खाकरला. तेवढ्यात लेक चहाचा ट्रे घेऊन बाहेर आली होती. खाली मान घालूनच म्हणाली, "वडीगोद्रीपर्यंत जाती. पुढं न्हाई."

पाव्हणे खो खो हसले. "पोरगी गमतीची हाय! आम्हाला पसंत," मुलाचा बाप तिथंच म्हणाला. माझ्या नवऱ्याचा चेहरा खुलला. आणि सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं असेल? माझा भाऊ. मांडीवर थापा मारून हसला. लेक ट्रे तसाच घेऊन माघारी वळली.

मी पुढं झाले, तिच्या हातातला ट्रे घेतला. नवरा माझ्याकडं बघत होता, मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

"पाव्हणं, चहा घ्या, पोहे घ्या," मी म्हटलं. "पण पसंतीचं राहू द्या. आमची पोरगी अजून जालन्याला पोचायची हाय. आन ह्या बारीला ती एसटीनं जाणार हाय."