चांगल्या वागणुकीची माफी

मालगुंडजवळच्या बौद्धवाडीत सुंदराबाईचं घर. नवरा जानू बागेच्या गडग्यावरून, दगडी बांधावरून, भांडण काढून बसला, एकाचं डोकं फोडलं आणि चार वर्षं तुरुंगात गेला. ती दर महिन्याला भेटीला जायची. जाळीपलीकडून जानू सांगायचा, "हितं तोंड मिटून ऱ्हावं. वागणूक चांगली असली की दिवस माफ होतात." खरंच, सात महिने आधी सुटला. पुढे पाच वर्षांनी खोकल्यानं गेला, पण घरच्या अंथरुणावर गेला, एवढं तिला समाधान.

मग लेकीचं झालं. आम्रपालीचं मूल दहाव्या दिवशी गेलं आणि पोरीची झोपच उडाली. भर दुपारी समुद्रात शिरायची. तिसऱ्यांदा कोळ्यांनी बाहेर ओढली, तेव्हा सासरचे पोलिसांकडे गेले. कोर्टाचा कागद झाला आणि तिला रत्नागिरीत मनाच्या इस्पितळात ठेवलं.

सुंदराबाई पहिल्यांदा भेटीला गेली. फाटकावर शिपाई, वहीत नाव, पिशवी उघडून दाखवायची, खिडक्यांना गज. तिला सगळं ओळखीचं वाटलं. फक्त एक नव्हतं. जानूच्या कागदावर सुटायची तारीख होती.

"आये, मला कधी सोडणार? मी काय गुन्हा केलाय?"

"तुझ्या बापाला तरी कुठं वाटायचं, त्यानं केलाय म्हणून?" सुंदराबाई हसली, पोरीला हसवायला. मग जवळ सरकून म्हणाली, "रडू नको. बाळाचं नाव काढू नको. विचारलं तर बरं हाय म्हण. तुझा बाप असाच लवकर सुटला."

त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी बुद्धांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून त्रिशरण म्हणायची. पोरीला आपण नीट शिकवलंय, अशी तिची खात्री होती.

दोन महिने गेले. आता घरी न्या म्हणतील, म्हणून सुंदराबाई लेकीचं धुतलेलं लुगडं घेऊनच गेली. डॉक्टरबाईंनी तिला समोर बसवलं.

"मावशी, आली तेव्हा रडायची, बाळाचं सांगायची. तेवढी तरी वाट होती. आता सगळ्याला 'बरं हाय'. आत काय चाललंय ते कळत नाही. अशीच घरी पाठवली आणि पुन्हा समुद्राकडे गेली तर?"

सुंदराबाईनं लुगडं परत पिशवीत घातलं. "बाई, मीच सांगितलं तिला. मला वाटलं, हितं पण दिवस माफ होतात."

डॉक्टरबाईंनी समोरचा कागद बाजूला सारला. मग म्हणाल्या, "अजून थोडे दिवस राहू दे. आता तुम्हीच तिला बोलतं करा."

आम्रपाली बाकावर हात मांडीवर ठेवून ताठ बसली होती.

"बाय, माझं चुकलं गो. बोल तू. रड. बाळाचं सांग मला."

आम्रपालीनं दारातल्या शिपायाकडे पाहिलं. हळूच म्हणाली, "नाय रडले आये, एकदा पण नाय. किती दिवस माफ झाले?"

सुंदराबाईला हुंदका आवरेना. आम्रपालीनं घाईघाईनं तिच्या तोंडावर हात दाबला.

"गप, आये. लिहून ठेवतील."