बुवाची चाल

बुवा कुणाच्याही घरात शिरला की आधी पंखा बंद करायचा. पाणी, ख्यालीखुशाली, सगळं त्यानंतर. मे महिन्यात देवळ्याच्या रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं असायचं आणि हा गृहस्थ दारातूनच बटणाकडे हात न्यायचा. "दोन मिनिटं, बाई. पंखा लय हट्टी, दुसऱ्या कुणाला बोलू देत नाय." मग घाम पुसत, डोळे मिटून घर ऐकत बसायचा. आमच्याकडे एकदा त्याने फ्रिजही बंद केला आणि परत लावायला विसरला. दूध नासलं. आईने त्यात साखर घालून, आटवून वड्या केल्या आणि त्यालाच बशीभर खायला लावल्या.

बुवा म्हणजे कुणी पिकल्या केसांचा म्हातारा नव्हे, माझ्याहून चांगला लहान. शाळकरी वयात तो भजनी मंडळाच्या पेटीवर बसला आणि तेव्हापासून गावाने त्याला बुवा करून टाकलं. पुढे त्याने बसस्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीचं दुकान काढलं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे, म्हणजे सगळ्या गावाची 'बाई'. स्नेहसंमेलनासाठी लिहिलेल्या एका गाण्याला चाल हवी होती, म्हणून त्याच्या दुकानात गेले. त्याने कागद वाचला, हातातला फोन बाजूला ठेवला आणि पुन्हा वाचला. "हे पोरांचं गाणं नाय, बाई. हे तुमचं हाय. पोरांना दुसरं लिहा, हे आपण रेकॉर्ड करू."

असे आम्ही 'बाई-बुवा' झालो. शब्द माझे, चाल आणि गळा त्याचा. स्टुडिओ म्हणजे आमची मागची खोली. घरातल्या सगळ्या गोधड्या दोरीवर टांगायच्या, मधोमध एक मायक्रोफोन, आणि शेजारच्या कुकरची शिट्टी होऊन गेली की सुरुवात. बुवा एकदा गायलेलं सहसा पुन्हा गायचा नाही. "पहिला टेक खरा असतो, दुसरा शहाणा," म्हणायचा. आमच्या एका गाण्यात मध्येच ट्रॅक्टर जातो. मी म्हटलं, "अरे, हे पुसता येतं ना?" तो दुखावल्यासारखा बघायला लागला. "आवाज धुवायचा नाय, बाई. धुतला का त्याचा वास जातो."

गाणं तयार झालं की त्याची परीक्षा कांद्याच्या टेम्पोत. ओळखीच्या ड्रायव्हरशेजारी बसून बुवा चांदवडपर्यंत जायचा. गाणं लावायचा, पण कुणाचं ते सांगायचा नाही. ड्रायव्हरने आपणहून आवाज वाढवला तर पास, गप्पा मारत राहिला तर नापास. नापास गाणं आम्ही नेटवर टाकत नसू. एकदा ड्रायव्हरने घाटाखाली टेम्पो बाजूला घेतला आणि गाणं संपेपर्यंत इंजिन बंद ठेवलं. त्या दिवशी बुवा तिथून मिळेल त्या गाडीने परत आला आणि थेट माझ्या वर्गाच्या दारात उभा राहिला. पोरांसमोर नुसता हसत होता.

ते गाणं आईचं होतं. आई ओट्यावर कांदा निवडायला बसली की गुणगुणायची. शब्द नाहीत, नुसता सूर. तिच्या माहेरच्या कुठल्याशा ओवीचा उरलेला असावा. बुवाने तिच्या नकळत फोन पाटीआड ठेवून तो टिपला. नंतर तिला ऐकवला तर ती लाजली, पण पुन्हा लावायला सांगितला. त्याच सुरावर मी शब्द बसवले : 'चांगला बाजाराला, गोल्टी घराला, एक हात त्याचा, एक हात याचा.' गोल्टी म्हणजे बारका कांदा. गाणं सुरू होतं आईच्या गुणगुणण्याने, आणि हळूच तिच्या सुरात बुवा शिरतो. हरसूलकडचा एक शिक्षक मला कळवायचा, की बाजाराच्या दिवशी तिथल्या चहावाल्याकडे हे गाणं वाजतं. आई हे शेजारणींना सांगायची, वर म्हणायची, "माले काय माहीत, त्या पोऱ्यानंच केलं सगळं."

पुढे निवडणूक आली. आमच्या भागातून जो उमेदवार उभा होता त्याने पूर्वी आमच्या शेताकडे जाणारा रस्ता तारेचं कुंपण घालून बंद केला होता. आई त्याच्या दारात दोनदा गेली. दुसऱ्या वेळी त्याच्या माणसांनी तिला फाटकातून आतही घेतलं नाही. तेव्हापासून ती लांबून, नाल्यातून शेतात जायची आणि घरात त्या माणसाचं नाव कुणी काढायचं नाही. बुवाला हे ठाऊक होतं. तिला नाल्यापलीकडे सोडायला तोच कितीदा मोटरसायकल घेऊन आला होता.

शाळेला सुट्टी होती. सकाळी गल्लीच्या तोंडाशी प्रचाराची रिक्षा वळली आणि भोंग्यातून आईचा आवाज आला. तिचंच गुणगुणणं. आई पदराला हात पुसत बाहेर धावली. "हाई तं आपलंच गानं शे!" ती समोरच्या काकूंना ओरडून सांगायला लागली. मीही हसत दारात आले. मग ढोल सुरू झाले. बुवाचा गळा वर चढला आणि गाऊ लागला, की मायमाउलींचा आशीर्वाद कुणाला आहे, तर त्या उमेदवाराला. आईच्या सुरावर त्याचं नाव पुन्हापुन्हा वाजत रिक्षा आमच्या दारावरून गेली. वर त्याचा हात जोडलेला मोठा फोटो.

काकू म्हणाल्या, "काय हो, तुम्ही प्रचाराला कधी लागलात?"

आई आत जाऊन बसली. बऱ्याच वेळाने मला विचारलं, "त्यानं माले इचारलं का नाही गं?"

मी दुकानात गेले. तिथे कुलूप होतं. दोन दिवसांनी बुवा भेटला तो उमेदवाराच्या कार्यालयाबाहेर, नव्या कडक शर्टात. मला बघून उठला.

"बुवा, ते गाणं बंद कर."

"आता नाय होणार. सगळ्या गाड्यांवर गेलं ते."

"आईचा आवाज आहे त्यात. तिचा अपमान केला त्याच माणसासाठी तू तो वापरलास."

"तुमचा एक शब्द घेतला नाय मी," तो खाली बघत म्हणाला. "शब्द तुमचे, चाल माझी, असंच ठरलं होतं ना? चाल माझी हाय."

"चाल तुझी आहे?"

त्याने शर्टाची कॉलर सैल केली. मग म्हणाला, "नाशकात स्टुडिओ टाकून देतायत मला. खराखुरा. काचेचा, आत बाहेरचं काही येत नाय. किती वर्षं गोधड्या टांगायच्या, मॅडम?"

इतक्या वर्षांत तो मला पहिल्यांदा मॅडम म्हणाला. बाकीचं बोलणं मला नीट आठवत नाही. हा शब्द आठवतो.

त्या आठवड्यातच आमची सगळी गाणी नेटवरून गेली. प्रचाराचं गाणं लागलं की लोक मूळ गाणं आठवून हसायचे. ते उमेदवाराच्या माणसांना खटकलं, असं मागून कानावर आलं. गाणी टाकली होती बुवाच्या खात्यावरून, काढलीही त्यानेच. ट्रॅक्टरचं, आईचं, एकही ठेवलं नाही. मी फोन केला, त्याने उचलला नाही. उमेदवार निवडून आला. आमचा रस्ता अजून बंदच आहे.

पुढे माझी बदली नाशिकजवळच्या शाळेत झाली. आईला घेऊन नाशकात राहायला आले. बुवाचा स्टुडिओ याच शहरात आहे, लग्नाची गाणी, जाहिराती, वाढदिवसाची गाणी करतो म्हणतात. एकदा कॉलेज रोडला सिग्नलवर तो दिसला, गाडीच्या काचा वर करून बसला होता. मी हाक मारली नाही. चेहरा सुजल्यासारखा वाटला, तर त्याही क्षणी मनात आलं, हा वेळेवर जेवतो का?

यंदा संमेलनासाठी मी बऱ्याच दिवसांनी गाणं लिहिलं. आमच्या संगीताच्या मॅडमनी ते पेटीवर धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "छान आहे हो. पण ओळी इतक्या तोकड्या का तोडल्यात? मुलांचा दम पुरतो की."

मी कागद परत घेतला. बुवाला लहानपणापासून दमा होता. लांब ओळ त्याला एका श्वासात पेलायची नाही आणि हे तो कुणाला कळू द्यायचा नाही. मीही कधी बोलले नाही, नुसती त्याच्या श्वासाएवढी ओळ लिहीत गेले. हाताला तीच सवय लागली होती.

दुपारी बसून सगळ्या ओळी लांब केल्या. मुलांनी त्या एका दमात, खणखणीत म्हटल्या. मी पहिल्या रांगेत बसून त्यांच्याबरोबर ओठ हलवत होते, आणि प्रत्येक ओळीच्या मधोमध मी एकटीच थांबत होते.