कोहळ्याची खोटी फुलं

आमच्या घरामागच्या भाजीपाल्याच्या तुकड्याला आम्ही सांदवाडी म्हणतो. तिथे काहीही बिघडलं तरी कारणं दोनच असत. एक, कुणाची तरी नजर. दोन, कुणाचा तरी विटाळ. मिरचीची पानं मुडपली की नजर. वांग्याचा शेंडा सुकला की नजर. पपईच्या बुंध्यावर पांढरी कीड चढली की कुणी तरी बाई नको त्या दिवसांत जवळून गेली. रोग कितीही असोत, निदान घरातच तयार असायचं आणि ते करायची माझी सासू.

लग्न होऊन मुलचेऱ्याजवळच्या या गावात आले तेव्हापासून माझं या निदानाशी वाकडं. सासूला माझा नवरा बाई म्हणतो, मीही म्हणते. वांग्याचा सुकलेला शेंडा मी कापायची, चिरून आतली अळी काढायची आणि नेऊन बाईपुढे ठेवायची. "ही पाहा तुमची नजर," असं म्हणायची. बाई अळीकडे शांतपणे बघायची आणि म्हणायची, "अळी तं आलीच. पण आली काऊन?" या 'का'ला माझ्याजवळ उत्तर नसायचं आणि तिला ते पक्कं माहीत असायचं.

बाईला भाजीपाल्यातलं कळत नाही असं कुणी म्हणेल तर मी त्याच्याशीही भांडेन. कोवळ्या वेलावर तांबडे भुंगे बसले की पहाटे पानांवर दव असतानाच चुलीची राख भुरभुरायची, म्हणजे ती चिकटून बसते, हे तिनंच मला शिकवलं. वालाला कुठे आधार द्यायचा, मुनग्याची म्हणजे शेवग्याची फांदी कधी छाटायची, सांबार म्हणजे कोथिंबीर कुठल्या सावलीत पेरायची, यात तिचा हात धरणारं आमच्या आळीत कुणी नाही. पण राख कुठं संपते आणि नजर कुठं सुरू होते, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

माझी मुलगी सातवीत होती तेव्हाची ही गोष्ट. त्या वर्षी तिनं कोहळं, म्हणजे लाल भोपळा, लावलं. मागल्या वर्षीच्या भाजीतल्या बिया तिनंच धुऊन, वाळवून, बांगड्यांच्या डब्यात जपल्या होत्या. शाळेतून आली की दप्तर खाटेवर आणि ती वेलाजवळ. वेल कुंपणावर चढला, कुंपणावरून शेणखताच्या ढिगावर उतरला, श्रावणात पिवळ्याधमक फुलांनी भरला. लिंबाएवढी कोहळी दिसायला लागली. मग ती एकेक करून पिवळी पडली आणि गळाली. रोज दोन-तीन सापडायची. त्याच दिवसांत मुलीला पहिल्यांदा पाळी आली.

बाईनं या दोन गोष्टींची गाठ मारायला वेळ लावला नाही.

"पोरगी त्या दिवशी वेलाजवळ गेल्ती. म्या पाह्यलं. तिची सावली पडली त्याच्यावर. आता लागत नसते कोहळं." हे ती रागानं बोलली नाही. उद्या पाऊस येईल असं सांगावं तसं सांगितलं. नातीवर तिचा जीव आहे, त्यामुळे पुढचा नियमही मायेनंच आला. दर महिन्याला ते दिवस सांदवाडीत पाय ठेवायचा नाही.

माझी मुलगी गुणी. तिनं नियम पाळला आणि वर स्वतःचा एक जोडला. ती सांदवाडीत जायचीच बंद झाली, बाकीच्या दिवसांतही. जामाच्या, म्हणजे पेरूच्या, झाडाखाली पिकलेले जाम पडून राहिले, तिनं उचलले नाहीत. एका सकाळी मी तिला म्हटलं, "दोन काड्या सांबार तोडून आण." ती मागच्या दारात उभी राहिली, हात पाठीमागे बांधून. "आई, तू तोड ना. माझ्या हातानं झाड मरते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोहळं लागलं काय, न लागलं काय, बाजारात ढीगभर मिळतं. पण तेरा वर्षांची पोर आपलेच हात विषारी समजून पाठीमागे लपवते, हे मी खपवून घेणार नव्हते. मला ते हात पुढे आणायचे होते. बाकी काही नको होतं.

मी तशीच बाईपुढे जाऊन उभी राहिले. ती सुपात तांदूळ पाखडत होती.

आमचं घर बौद्धांचं. दर पौर्णिमेला वंदना होते, आणि बाईचा आवाज त्यात सगळ्यांत खणखणीत असतो. तिच्या वडलांची एक गोष्ट ती आम्हाला नेहमी सांगते. ते लहान असताना गावच्या विहिरीपासून दूर उभे राहायचे, कुणी वरून पाणी ओतलं तर ओंजळीनं प्यायचे. एकदा दुपारी उन्हात त्यांची सावली काठावर पडली म्हणून त्यांना मार बसला होता.

"बाई," मी म्हटलं, "तुमच्या बाबाची सावली पडली का विहिरीचं पाणी बाटे, असं लोक म्हणत न? मंग ते खरं होतं का?"

सूप थांबलं. "ते वेगळं."

"कसं वेगळं? सावलीच हाये न ते बी आणि हे बी?"

बाई उठली, सूप घेऊन आत गेली आणि पुढचे बरेच दिवस माझ्याशी बोलली नाही. फार झालं, असं रात्री नवरा म्हणाला. फार झालं नव्हतं. जे बोलायला हवं होतं तेवढंच बोलले आणि आजही बोलेन.

पण भांडण जिंकून वेलाला फळ लागत नाही. कोहळी गळतच होती, आणि ती गळत होती तोवर माझं सगळं बोलणं हवेत होतं. मुलगी आजीचं ऐकत होती, माझं ऐकत होती, आणि विश्वास मात्र त्या पिवळ्या पडलेल्या गाठींवर ठेवत होती.

मी घरी ब्लाउज शिवते. आजूबाजूला निर्वासित बंगाल्यांची गावं वसली आहेत, तिथल्या बायकाही माझ्याकडे येतात. त्यांतली एक माप द्यायला आली, तेव्हा बाई चुलीशी कोहळ्याच्या फुलांची भजी तळत होती. आमच्या घरात हा श्रावणातला लाडाचा खाऊ. बाई भल्या पहाटे फडकं घेऊन सांदवाडीत जायची आणि वेलावरची खोटी फुलं तोडून आणायची. खोटी म्हणजे ज्यांच्या मागे कोहळ्याची गाठ नसते, नुसता लांब देठ असतो. गाठ असलेल्या फुलाला ती बोटही लावायची नाही. पाहुणी आली म्हणून बाईनं भज्यांची बशी तिच्यापुढे ठेवली. बाई माझ्याशी बोलत नसली तरी घरी आलेल्या माणसाला रिकामं पाठवत नाही.

पाहुणीनं भजं खाल्लं, वेलाची चौकशी केली आणि हसायला लागली. "दीदी, सब मर्द फूल तुम लोग खा गया, तो फल किधर से होगा?" त्यांच्याकडे परवलाच्या वाड्या आहेत. परवलाचे नर वेल वेगळे, मादी वेल वेगळे, म्हणून सकाळी उठून नवरा-बायको नर फूल तोडतात आणि मादी फुलांना एकेक करून लावत जातात, असं तिनं सांगितलं. तेव्हा कुठे परवल धरतं.

बाईनं मान वर न करता कढईलाच सांगितलं. "त्यायच्या परवलाचं तसं असंन. आपल्या कोहळ्याचं नसते."

दुसऱ्या दिवशी मी बाईच्या मागोमाग पहाटे उठले आणि दारातून पाहत राहिले. बाईनं झुंजूमुंजूलाच सगळी नर फुलं खुडली. उजाडल्यावर मादी फुलं उघडली. मधमाश्या आल्या, फुलांत शिरल्या, पण येताना आणणार काय? परागाचं एक फूल वेलावर शिल्लक नव्हतं. घंट्या-दोन घंट्यांत मादी फुलं मिटली. इतकं सरळ होतं ते. मी दारात बसून एकटीच हसले, कारण मीही त्या भज्यांच्या बशाच्या बशा चापल्या होत्या.

"बाई, उद्यापासून फुलं तोडायची नाई," मी म्हटलं.

अबोला धरल्यापासूनचं तिचं पहिलं वाक्य आलं. "म्हणजे आता माह्या हातानं मरून राह्यलं का कोहळं?"

"हो, तुमच्याच हातानं. पण विटाळानं नाई, भज्यानं."

नवरा तोंड फिरवून हसला. बाई हसली नाही, पण पहाटेचं फडकंही तिनं नंतर काढलं नाही.

आता मधमाश्यांवर सोडलं असतं तर कोहळं आपोआप लागलं असतं. मला ते आपोआप लागायला नको होतं. मी मुलीची पुढची पाळी येईपर्यंत थांबले आणि त्या सकाळी तिला उठवलं.

"चल, वेलाजवळ."

"आई, आज दुसरा दिवस आहे."

"माहीत आहे. म्हणूनच चल."

ती रडवेली झाली. मी हाताला धरून नेलं. धाक दाखवला म्हणा हवं तर. नर फूल तोडायला लावलं, त्याच्या पाकळ्या सोलायला लावल्या, मधला पिवळा दांडा मादी फुलात हळूच फिरवायला लावला. अशी तीन फुलं तिनं लावली, आणि ओळखू यावीत म्हणून मी देठांना लाल फितीचे तुकडे बांधले. बाई मागच्या दारात उभी होती. तिनं सगळं पाहिलं.

वरून मी मोठी ठाम दिसत होते, खात्री मात्र मलाही नव्हती. कोहळं गळायला शंभर कारणं असतात. झड लागली तर गळतं, कीड पडली तर गळतं. ही तीन गळाली असती तर माझ्या पोरीची समजूत जन्मभराची पक्की झाली असती, आणि ती पक्की करणारी मी असते. रोज ती उठण्याआधी मी जाऊन फिती बघून यायची. गाठी टिकल्या. लिंबाएवढ्या होत्या त्या पेरूएवढ्या झाल्या.

मग एक पिवळी पडली.

शाळेतून आल्यावर मुलीला ती वेलाखाली सापडली, फितीसकट. ती तशीच हातात घेऊन उभी राहिली. बाई जवळच शेणी वळत होती. "म्या सांगतलं होतं," ती एवढंच म्हणाली. मी तोंड उघडणार तेवढ्यात मुलगी वळली आणि तडक घरात गेली. मला वाटलं रडायला गेली. ती सुरी घेऊन बाहेर आली. ओसरीच्या काठावर ठेवून तिनं ते कोहळं मधोमध चिरलं. आत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. दोन्ही फोडी तिनं आजीच्या नाकासमोर धरल्या.

"हे पाय, आजी. माशीची अळी. माह्या हाताची नाई."

बाईनं शांतपणे पाहिलं आणि तिचा ठेवणीतला प्रश्न काढला. "अळी तं आलीच. पण आली काऊन?"

"माशीनं अंडी घातली म्हणून आली. पुढचं काऊन माशीले विचार, मले नोको विचारू."

इतकी वर्षं ज्या प्रश्नापुढे मी गप्प बसत आले, त्याला माझ्या पोरीनं एका दमात वाटेला लावलं होतं. मला तिला उचलून घ्यावंसं वाटलं. उचलण्याएवढी ती लहान राहिली नव्हती.

त्या संध्याकाळी मी ब्लाउजच्या अस्तराच्या उरलेल्या कापडाच्या दोन पिशव्या शिवल्या, नाडी घालून. मुलीनं त्या उरलेल्या दोन कोहळ्यांवर चढवल्या, म्हणजे माशीला सालीत अंडी घालता येत नाहीत. साल निबर झाली तेव्हा तिनंच त्या काढल्या. एक कोहळं खालून ओल लागून सडलं, तेव्हा दुसऱ्याखाली तिनं फरशीचा तुकडा सरकवला. कुठला दिवस आहे, हे आता ती मला सांगत नव्हती आणि मीही विचारत नव्हते. सांबार मात्र न सांगता चुलीजवळ येऊन पडत होता.

दिवाळीच्या सुमारास देठ वाळला आणि ते फरशीवरचं कोहळं तिनं दोन्ही हातांनी उचलून घरात आणलं. एकट्या घराला ते संपणारं नव्हतं. अशा वेळी आमच्याकडे चिरून फोडी आळीत वाटतात. पण चिरायच्या आधी एक रीत असते. अख्खं कोहळं बाईमाणसानं फोडायचं नाही. पहिला घाव पुरुषानं घालायचा, मग बायकांनी चिरायचं.

"अरे, इकडे ये बाप्पा," बाईनं माझ्या नवऱ्याला हाक मारली. "कोहळ्याले कोयता लाव."

तो हात पुसत आला. तोवर मुलीनं कोयता घेतला होता.

"म्या लावलं, मीच कापीन."

नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. मी जागची हलले नाही, तिच्या हातातून कोयता काढायला कुणी पुढे आलं असतं तर मात्र हलले असते. कुणी आलं नाही. मुलीनं घाव घातला. कोहळं निबर होतं, कोयता सालीवरून घसरला आणि कोहळं गडगडत जाऊन बाईच्या पायाशी थांबलं.

बाईनं त्याच्याकडे बघितलं. मग नातीकडे. गुडघ्यावर हात टेकत ती खाली बसली आणि कोहळं पायांमध्ये उभं केलं.

"असं नाई मारत. देठाच्या बाजूनं मार. बोट कापून घेशीन," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी तिनं ते घट्ट धरून ठेवलं.